झाकलेला दाब

११ फेब्रुवारी, दुपार

ठमे,

तू आत्याकडे अण्णांची चौकशी केलीस हे तिने मला त्याच दिवशी सांगितलं. तिच्या पोटात काही राहतं का कधी. दोन वर्षांनी का होईना, विचारलंस, म्हणून हे लिहायला बसलो. फोन करत नाही. एक तर तू उचलशील याची खात्री नाही, आणि घरून केला की अण्णा मागून बोलत राहतात, मग तुझं मला ऐकू येत नाही आणि माझं तुला. दुपारी दुकानात गिऱ्हाईक कमी असतं. भिंगं घासायच्या यंत्रामागे माझं टेबल आहे, तिथून लिहितोय. कागदावर पांढरी पूड दिसली तर ती भिंगांची, झटकून टाक.

अण्णा बरे आहेत. जेवतात. मला कधी ओळखतात, कधी नाही. दिवसा सांभाळायला एक मावशी येतात, त्या साडेसहाला जातात, तोवर मी घरी पोचतो. संध्याकाळी थोडे अस्वस्थ होतात, पण या वयात ते चालायचंच. आपल्याच तंद्रीत असतात. चाळीस वर्षं बस चालवलेला माणूस एका जागी किती बसेल.

माझं काय विचारशील तर तेच ते. दुकान, घर, दुकान. हां, एक गंमत झाली. आमच्याकडे डोळ्यांच्या मागच्या पडद्याचा फोटो काढणारं नवीन यंत्र आलं. चाचणी कुणावर घ्यायची, तर माझ्यावर. आमच्या डोळ्यांच्या डॉक्टर बाई, मी त्यांना नुसतं बाई म्हणतो, त्यांनी मला खुर्चीत बसवून हनुवटी ठेवायला लावली. लखकन उजेड पडला. मग बाई यंत्राच्या पडद्याकडे बघतच बसल्या.

मी म्हटलं, "बाई, यंत्र बिघडलं की काय?"

"तुमचं बीपी किती असतं?"

"कुणाला माहीत. दाढ काढली तेव्हा बघितलं होतं. चांगलं होतं म्हणाले."

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. लाल-केशरी गोल, त्यात झाडाच्या फांद्यांसारख्या रक्तवाहिन्या. त्या म्हणाल्या, शरीरात ही एकच जागा अशी आहे जिथे कापाकापी न करता रक्तवाहिन्या डोळ्यांनी बघता येतात. माझ्या बारीक झाल्यात, कडा तांब्याच्या तारेसारख्या चमकतात, आणि जिथे एक वाहिनी दुसरीवरून जाते तिथे खालची दाबली गेलीये. एका ठिकाणी रक्ताचा ठिपकाही होता, टाचणीच्या डोक्याएवढा.

"हे काल-परवाचं नाही," त्या म्हणाल्या. "आतून दाब वाढलेला असला आणि तो वर्षानुवर्षं तसाच राहिला की असं होतं. डॉक्टरांकडे जा."

मी म्हटलं, मला तर काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, गरगरत नाही. तर म्हणाल्या, "बहुतेकांना काहीच होत नाही. तीच तर पंचाईत आहे."

जाईन सवडीने. आत्या म्हणाली असेल की माझ्या हाताला पट्टी होती. दुकानात काच लागली, बाकी काही नाही. तिला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे, तुला ठाऊकच आहे.

त्या दिवशी जिन्यात आपण दोघंही नको ते बोललो. ते मी उकरून काढत नाही. तूही काढू नकोस.

दादा

---

२२ फेब्रुवारी

ठमे,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहितोय, कारण अर्धवट सांगितलेलं बरं नाही.

बाईंनी रोज पिच्छा पुरवला म्हणून आपल्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. ते आता अगदीच थकलेत, पण काम जुन्या पद्धतीचं, चोख. गेल्या गेल्या पट्टा बांधला नाही. म्हणाले, लघवीला जाऊन या, मग खुर्चीत बसा, पाठ टेकवा, दोन्ही पाय जमिनीला, पायावर पाय नको, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पाच मिनिटं बोलायचं नाही. पंखा चालू होता. बाहेर कोणीतरी हळू खोकत होतं. कोणी मला काही विचारत नव्हतं, मागत नव्हतं. खोटं वाटेल, मला डुलकी लागली. त्यांनी पट्टा बांधताना मला जागं केलं.

दोन्ही दंडांवर बघितलं. थोड्या थोड्या वेळाने तीनदा बघितलं. एकशे सव्वीसवर ऐंशी, एकशे चोवीसवर अठ्ठ्याहत्तर, असंच. म्हणाले, "या वयाला हेवा वाटावा असं आहे."

मी विचारलं, हे दोन आकडे कशाला असतात. इतकी वर्षं ऐकतोय, पण विचारलं कधी नव्हतं. वरचा म्हणजे हृदय आवळून रक्त ढकलतं तेव्हा नळ्यांवर येणारा दाब. खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं तेव्हाचा. दवाखान्यात वरचा एकशे चाळीसला किंवा खालचा नव्वदला पोचला, आणि वेगवेगळ्या दिवशी बघूनही तसाच आला, की त्याला वाढलेला म्हणायचं. मग त्याच्या इयत्ता. एकशे साठपर्यंत पहिली, एकशे ऐंशीपर्यंत दुसरी, त्यापुढे तिसरी. मी म्हटलं, म्हणजे मी शाळेतच गेलो नाही अजून. डॉक्टर हसले.

दुकानात येऊन बाईंना सांगितलं, मोठ्या ऐटीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग तुमच्या डोळ्यातलं कोणी करून गेलं?"

मला राग आला. त्यांचं म्हणणं असं की पुष्कळ लोकांचं दवाखान्यात वाढतं, डॉक्टरचा पांढरा कोट बघूनच, आणि घरी चांगलं असतं. काही थोड्यांचं उलटं असतं. दवाखान्यात शहाण्यासारखं वागतं आणि बाहेर पडलं की उसळतं. त्यांच्या ओळखीचे एक डॉक्टर आहेत, ते कमरेला यंत्र बांधून दिवसरात्र मोजतात. तिकडे जा म्हणाल्या. दवाखान्यात मला बरं वाटतं हा काय माझा गुन्हा झाला?

असो. अण्णा ठीक. खालच्या मजल्यावरच्यांनी तक्रार केली की संध्याकाळी आमच्याकडे काहीतरी आपटतं. मी सांगितलं, कपाट हलवत होतो. दाराला वरच्या बाजूला एक जादा कडी बसवून घेतली. वाऱ्याने फार वाजायचं.

दादा

---

६ मार्च

ठमे,

शेवटी गेलो त्या डॉक्टरांकडे. तरुण आहे पोरगा, तुझ्याहून लहान असेल. त्याने दंडाला पट्टा बांधला, तिथून एक नळी मानेमागून फिरवून कमरेच्या डबीला जोडली. दिवसा दर वीस मिनिटांनी, रात्री अर्ध्या तासाने ती आपोआप फुगते आणि मोजते. फुगली की हात सैल सोडायचा आणि हलायचं नाही, बाकी काही पथ्य नाही.

"रोज जे करता तेच करा," म्हणाला. "मशीन घरी पाहुणं आलंय असं समजून वागू नका."

दुकानात पहिल्या तासातच वैताग. एका म्हातारीच्या चष्म्याची दांडी सरळ करत होतो आणि दंड आवळायला लागला. मी पुतळ्यासारखा थांबलो. म्हातारी घाबरली, म्हणाली, "अहो, काय होतंय तुम्हाला?" मी म्हटलं, काही नाही, माझी तपासणी चालू आहे. "मग माझा चष्मा तपासणी झाल्यावरच करा," आणि उठून बाकावर जाऊन बसली.

घरी गेलो तर अण्णांनी डबी बघितली, नळी बघितली, आणि मला चक्क कंडक्टर समजले. तिकिटाचं यंत्रच वाटलं त्यांना ते. म्हणाले, "काय रे, बेल का देत नाहीस? गाडी केव्हाची भरलीये." मी टेबलावर दोनदा टकटक केलं. खूश झाले. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी हसून बोलले. जेवताना मला विचारलं, "घरी कोण कोण असतं तुझ्या?" मी म्हटलं, वडील असतात. "काळजी घेत जा त्यांची," म्हणाले.

बाकी संध्याकाळ नेहमीसारखीच गेली. एकदा नळी निसटली, ती मी परत लावली.

दुसऱ्या दिवशी यंत्र देऊन आलो. लघवी, रक्त आणि हृदयाचा आलेख पण करायला सांगितलंय. निकाल आला की कळवतो. कळवू की नको हे तू सांगत नाहीस, तेव्हा मीच ठरवतोय.

दादा

---

१३ मार्च

ठमे,

हे पत्र नीट वाच. घाईत असशील तर बाजूला ठेव आणि मग वाच.

डॉक्टरने पडद्यावर आलेख दाखवला. दिवसाची सरासरी एकशे एक्कावन्नवर त्र्याण्णव. यंत्राने दिवसा मोजलं तर एकशे पस्तीसवर पंच्याऐंशीच्या खाली असायला हवी. रात्रीची एकशे चव्वेचाळीसवर एकोणनव्वद. याच्यावर तो जास्त वेळ थांबला. झोपेत दाब उतरतो, निदान दहावा हिस्सा तरी उतरायला हवा. माझा उतरतच नाही.

"रात्री झोप लागते का?"

मी म्हटलं, सावध झोप आहे माझी.

मग त्याने आलेखावर बोट ठेवलं. तिथे रेघ एकदम वर चढली होती, मध्ये थोडी तुटली होती, आणि मग कितीतरी वेळ वरच राहिली होती. सगळ्यात वरचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशीवर एकशे बारा.

"संध्याकाळी सातच्या सुमाराला काय होतं?"

"काही नाही. घरी असतो."

"घरी काय होतं?"

"वडील असतात."

"वडील काय करतात?"

ठमे, तो आवाज न चढवता विचारत होता आणि उत्तरासाठी थांबत होता. मला इतक्या दिवसांत असं कोणी विचारलं नव्हतं. आणि तुला जे लिहिलं नाही ते मी त्या परक्या पोराला सगळं सांगून टाकलं.

सात वाजले की अण्णांना रात्रीची गाडी काढायची असते. शर्ट चढवतात, गुंड्या खालीवर लागतात. किल्ल्या शोधतात. किल्ल्या मी लपवल्यात असं त्यांना वाटतं. मग दाराकडे येतात. मी दारात उभा राहतो. पहिल्यांदा समजावतो, मग विनवतो, मग नुसता उभा राहतो. ते मला ढकलतात. चोर म्हणतात. हातात जे येईल ते फेकतात. खालच्यांना ऐकू जातं ते आमच्या स्टुलाचं आपटणं. माझ्या हाताला लागलेली काच दुकानातली नव्हती, आपल्या खिडकीची होती. एकदा निसटलेही होते. चौकात मधोमध उभं राहून वाहनांना हात करत होते. त्यानंतर ती वरची कडी बसवली. वाऱ्याचा काही संबंध नाही. आणि यंत्राची नळी निसटली नव्हती, त्यांनी ओढून काढली होती. कंडक्टर त्यांच्या गाडीला आडवा आला म्हणून.

डॉक्टर म्हणाला, याला झाकलेला रक्तदाब म्हणतात. दवाखान्यात दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं सापडत नाही, आणि नुकसान मात्र उघड्या रक्तदाबाइतकंच करतो. मी म्हटलं, मग जुन्या डॉक्टरांचं यंत्र चुकलं का? "नाही. त्यांनी अगदी बरोबर मोजलं. तुम्ही तिथे खुर्चीत बसता, पाच मिनिटं कोणी तुम्हाला हात लावत नाही. दिवसभरात तुम्ही तेवढेच बसत असाल."

मग घराण्याचं विचारलं. अण्णांना बीपी होतं का? होतं की. डोकं जड झालं की गोळी घ्यायचे, बरं वाटलं की सोडायचे, तुला आठवत असेल. आई ओरडायची. तर म्हणाला, त्यांच्या मेंदूचा फोटो काढलाय का कधी? तुझ्याच आग्रहाने काढला होता. मी दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवला. त्याने तो उजेडाच्या फळीवर लावला आणि पांढरे ठिपके दाखवले. पुष्कळ आहेत. प्रत्येक ठिपका म्हणजे एक छोटा झटका, ज्याचा त्या वेळी कोणालाही पत्ता लागला नाही. कदाचित त्या दिवशी ते फक्त एखादं नाव विसरले असतील. असे साठत गेले. आपण म्हणत होतो वय झालं. सगळं वयाचं नाही ते. बरंचसं दाबाचं आहे.

नंतर त्याने माझे कागद त्या फोटोशेजारी ठेवले. हृदयाची भिंत जाड झालीये. लघवीतून थोडं प्रथिन जातंय, म्हणजे मूत्रपिंडांना झळ लागलीये. डोळ्यांचं बाईंनी कळवलंच होतं.

"तुम्ही वडिलांच्याच रस्त्यावर आहात," तो म्हणाला. "थोडे मागे आहात, एवढंच."

मी त्या फोटोकडे बघत राहिलो. म्हणजे अण्णांना सांभाळता सांभाळता मी अण्णा होणार. आणि मी सात वाजता दाराकडे धावायला लागलो की दारात कोण उभं राहणार? मला तर कोणी नाही.

दोन औषधं एकाच गोळीत, अशी गोळी सुरू केलीये. मीठ कमी. महिन्याने परत मोजणी.

आता तुझं. तू त्याच बापाची मुलगी. दंडावर बांधायचं यंत्र आण, मनगटाचं नको. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी, पाठ टेकवून, गप्प बसून, दोनदोनदा, आठवडाभर मोज. पहिला दिवस सोडून दे आणि बाकीच्यांची सरासरी काढ. बाहीवरून मोजू नकोस, तू आळशी आहेस.

मला उत्तर नको. आकडा पाठव.

दादा

---

२ एप्रिल

ठमे,

तुझं पाकीट आलं. आत कागद एवढासा. एकशे अडतीसवर अठ्ठ्याऐंशी, आणि खाली एकच ओळ: "दादा, तू झोपतोस कुठे?"

आधी आकड्याचं बोलतो. तुला वाटलं असेल की एकशे चाळीसच्या आत आहे, सुटले. नाही सुटलीस. ते एकशे चाळीस दवाखान्यातलं. घरी मोजलं तर हद्द एकशे पस्तीसवर पंच्याऐंशी. डॉक्टरला मी फोन करून विचारलं, तो म्हणाला की बहिणीला सांगा, सुरुवात आहे, घाबरायचं नाही पण टाळायचंही नाही. तिकडच्या डॉक्टरांना वडिलांचं सगळं सांग. ठिपक्यांचंही सांग.

आता दुसरं. तू लहानपणापासून अशीच, सगळं सांगितलं तरी न सांगितलेलंच नेमकं पकडतेस. दाराला आडवी गादी टाकून झोपतो. अण्णा उठले तर त्यांना माझ्यावरून जावं लागेल, म्हणजे मला कळेल. किती दिवस हे विचारू नकोस.

गोळीने सुरुवातीला उठताना अंधारी यायची, आता बरं आहे. मात्र डॉक्टरने आधीच बजावलं होतं की गोळी तिचं काम करेल, दारात उभं राहायचं काम ती करणार नाही. मी मान हलवून आलो होतो. तुला माझं मान हलवणं माहीत आहे.

गेल्या आठवड्यात अण्णांनी कडीपर्यंत हात पोचवायला स्टूल घेतलं. वर चढले. पाय लटपटत होते. मी त्यांना खाली घेतलं आणि मनगट धरलं. ते सोडवायला बघत होते, मी सोडत नव्हतो. किती जोरात धरलं होतं ते मला त्या वेळी कळलंच नाही, ठमे. कानात नुसता घण पडत होता. अण्णा ओरडायचे थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. राग नव्हता. घाबरले होते. मला घाबरले होते. मग सोडलं.

सकाळी मावशींनी त्यांना आंघोळ घालताना मनगट बघितलं. निळं पडलं होतं, चार बोटं मोजता येतील असं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. टॉवेल वाळत घातला आणि म्हणाल्या, "आज मी आठपर्यंत थांबते. तुम्ही कुठे जायचं असेल तर जाऊन या."

मी गेलो. अण्णांना ठेवायला तू दोन वर्षांपूर्वी शोधलेली ती वृद्धांची जागा, जिच्यावरून आपलं जिन्यात भांडण झालं, तिथेच गेलो. तू मला तेव्हा काय म्हणालीस ते आठवत होतं, मी काय म्हणालो तेही. सगळा रस्ता भांडत गेलो तुझ्याशी. फाटकापाशी पोचेपर्यंत माझ्याकडचे मुद्दे संपले होते.

बैठी इमारत आहे. मध्ये फरसबंद अंगण, चारी बाजूंनी खोल्या. वासही वाईट नाही. संध्याकाळची वेळ होती आणि दोन-तीन म्हातारी माणसं अंगणात फिरत होती, प्रत्येकाबरोबर एकेक मदतनीस. मी विचारलं, बाहेर जायचा हट्ट धरला की काय करता? त्यातला एक धिप्पाड गडी म्हणाला, "जाऊ देतो की. फाटक बंद असतं, अंगण उघडं असतं. दमेपर्यंत बरोबर चालतो." मी म्हटलं, रोज? तर म्हणाला, "आम्ही तिघं पाळीने करतो म्हणून जमतं. एकट्याने करायचं म्हटलं तर मी आठवड्यात पळून जाईन."

मी तिथल्या बाकावर बसलो आणि मला रडू आलं. लिहायला नको होतं, पण लिहिलं.

तिथे जागा आहे. येत्या सोमवारी नेतोय. तू नको म्हणणार नाहीस हे माहीत आहे, तरी विचारतो. नेऊ ना?

दादा

---

१९ एप्रिल

ठमे,

"ने. मी पुढच्या महिन्यात येते." तुझं हे पत्र मी दुकानात वाचलं, बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, बहीण कमी बोलते वाटतं. मी म्हटलं, आमच्या घरात लिहायचं काम माझं.

अण्णांना नेलं. गाडीत पुढे, चालकाशेजारी बसवलं. सगळ्या रस्त्यात त्याला सूचना देत होते, क्लच सोड, आरशात बघ, घाई करू नकोस. त्या बिचाऱ्याने सगळं निमूट ऐकलं. फाटकाशी उतरले, अंगण बघितलं आणि विचारलं, "डेपो नवीन झाला का?" मी हो म्हटलं. मी परत निघालो तेव्हा त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. बरंच झालं. त्यांनी बघितलं असतं तर मी त्यांना परत घेऊन आलो असतो.

पहिले दोन दिवस त्यांनी तिथे बराच गोंधळ घातला, जेवले नाहीत. हे तुझ्यापासून लपवत नाही. तिसऱ्या दिवसापासून त्या धिप्पाड गड्याबरोबर फेऱ्या मारतात. तो त्यांना म्हणतो, चला, आधी टायर बघून घेऊ. मग दोघं अंगणाच्या चारी कोपऱ्यांत वाकून वाकून बघतात.

घरी सातला मला अजून बसवत नाही. उठतो, उगाच दारापर्यंत जातो. घरचं यंत्र आणलंय, त्यात संध्याकाळचा आकडा जास्तच येतो. डॉक्टर म्हणाला, इतक्या वर्षांची सवय आहे, शरीराला वेळ द्या, आणि बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही, वडिलांचं लक्षात ठेवा. ठेवलंय.

काल त्यांना भेटायला गेलो. व्हरांड्यात तिथली सिस्टर सगळ्यांचं बीपी मोजत होती. अण्णांनी शहाण्या मुलासारखी बाही वर करून हात पुढे केला होता. पट्टा बांधणार एवढ्यात त्यांनी हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि तिला म्हणाले, "आधी याचं बघा."

ती म्हणाली, "आजोबा, हे पेशंट नाहीत. हे तुमचे..."

"बघा हो. दमलेला दिसतोय."

ती हसली आणि मला खुर्ची दिली. मी पाठ टेकवली, पाय जमिनीला लावले. पट्टा फुगत असताना अण्णा वाकून त्या यंत्राकडे बघत होते, ड्यूटीवर जाण्याआधी डेपोत चालकांची तपासणी व्हायची तेव्हा बघत असतील तसे, आपली पाळी यायची वाट बघत. एकशे चव्वेचाळीसवर ब्याण्णव. दवाखान्याच्या माणसासमोर माझा आकडा पहिल्यांदाच एवढा आला असेल.

"जरा जास्त आहे," सिस्टर म्हणाली.

अण्णांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्याबद्दल माझी खात्री आहे. तिला म्हणाले, "याला आज गाडी देऊ नका. घरी पाठवा."

मी म्हटलं, बरं.

दादा